उन्हाळ्यात काही वाचू नका

"ताई, माझं ऐका. उन्हाळ्यात काही वाचू नका."

रुपचंद वकिलांनी हे असं मोठ्याने सांगितलं, की मागच्या बाकांनाही ऐकू जावं. जळगावहून धुळ्याला जाणारी गाडी एरंडोल सोडून पारोळ्याकडे निघाली होती. लग्नसराईची गर्दी. माणसं, आहेराची भांडी, रुखवताचे डबे, रडणारी पोरं, सगळं एकमेकांत घुसलेलं. त्यातून तिकिटाचं मशीन सांभाळत दिपमाला पुढे सरकत होती. खाकी शर्ट पाठीला चिकटला होता.

"का नको वाचू?" तिने विचारलं.

"अहो, लॉची सीईटी निघाली ना तुमची? झालं तर मग! ॲडमिशन होईल, कॉलेज सुरू होईल, प्रोफेसर शिकवतील. आधीच पुस्तकं उघडून बसलं की माणूस अर्धवट शिकतो. मग त्याच्या डोक्यातलं आधी उपसावं लागतं. कोरं जावं कोरं! आम्ही नाही का झालो वकील? परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड हातात घ्यायचो."

आजूबाजूचे हसले. ते दिसलंच, असं दिपमालाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि एका लग्नाळू घोळक्याची अर्धी तिकिटं फाडायला लागली. तेवढ्यात दाराशी उभ्या एका म्हाताऱ्याला चेव आला.

"वकील व्हवाले वाचनं पडस का? नुसता काया कोट घालना पडस!"

आता तर बठ्ठी, म्हणजे अख्खी गाडी हसली. मग काय, ज्याला त्याला मत फुटलं. एक मास्तर म्हणाला की इंग्रजी आधी पक्कं करा, बाकीचं नंतर. एक पोरगी म्हणाली, ताई, मोबाईलवर व्हिडिओ असतात, तेच बघा. लुगड्यातली एक बाई म्हणाली की या वयात डोळे कशाला फोडतेस, पोरांचं बघ. चालक तोतारामभाऊ सहसा बोलत नसत, पण त्यांनीही आरशातून बघत तोंड उघडलं.

"ताई, मी शिकाऊ होतो तेव्हा उस्तादानं मला पहिले कित्येक दिवस नुसतं बाजूला बसवलं होतं. हात लावू दिला नाही. पण डोळे उघडे ठेव म्हणे. तुम्ही वाचाच."

"तोताराम, तू गाडी चालव," रुपचंद वकील म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला.

दिपमाला नाही हसली. हसून वेळ मारून नेणारी बाई होती ती एके काळी. या मार्गावर कंडक्टरकी करायची तर हसावं लागतंच, नाहीतर माणसं जगू देत नाहीत. पण मागच्या थंडीपासून तिचं हसू कुठे गेलं कोण जाणे. आणि गेलं ते याच माणसासमोर गेलं, जो आता खिडकीपाशी ऐसपैस बसून तिला कोरं राहायचा सल्ला देत होता.

रुपचंद वकील रोजचे पासवाले. जळगावात घर, धुळ्याच्या कोर्टात काम. दिपमालाची धाकटी बहीण कामिनी शिरपूरकडच्या एका गावात दिली होती. तिकडे ती विहिरीत सापडली. पाय घसरला, म्हणाले सासरचे. पाय घसरलेल्या बाईच्या गळ्यावर वळ कसे उठतात ते कुणी सांगेना. तेव्हा याच गाडीत, याच बाकावर बसून रुपचंद वकील म्हणाले होते, "ताई, सरकारी वकील आहेतच, पण आपला एक माणूस त्यांच्या मदतीला पाहिजे. मी आहे ना. तुम्ही निर्धास्त राहा." दिपमालाला हा माणूस देवासारखा वाटला होता. त्यांच्यासाठी ती खिडकीची जागा धरून ठेवायची. कुणी बसलेलं असलं तर उठवायची.

खटला चालला तो सगळा तिच्या डोक्यावरून गेला. तारखेला सुट्टी टाकून ती आणि तिची आई भिकुबाई कोर्टात जाऊन बसायच्या. शेजारणी साक्षीला आल्या आणि काहीतरी पुटपुटून खाली उतरल्या. वकील वकिलांशी इंग्रजीत बोलले. दिपमालाने एकदा विचारलं, साहेब, ती बाई काय बोलली? तर रुपचंद वकील म्हणाले, "तुम्ही बाहेर सावलीत बसा. मी बघतो." त्या बाहेर सावलीत बसल्या. तारखेमागून तारखा त्या बाहेर सावलीत बसूनच राहिल्या.

निकालाच्या दिवशी मात्र आत होत्या. न्यायाधीश वाचत होते, खालच्या आवाजात, इंग्रजीत. वाचून झालं. आणि पलीकडे कामिनीची सासू एकदम हंबरडा फोडून रडायला लागली. कामिनीचा नवरा खाली बसला, तोंड झाकून. सरकारी वकील फायली गोळा करून निघाले. रुपचंद वकील समोरच्या वकिलाशी हात मिळवून आले.

"काय झालं, साहेब?"

"झाला निकाल. मला दुसऱ्या कोर्टात मॅटर आहे, नंतर बोलू सविस्तर."

आता सांगा, रडणारी ती, हात मिळवणारे हे. त्या दोघी काय समजतील? भिकुबाईने दिपमालाचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "व्हयनं माय! न्याय व्हयना!" आमच्याकडे कोर्टाचं काम जिंकलं की तिथल्या तिथे पेढे वाटतात. पक्षकार, कारकून, चहावाला, दारावरचा पोलीस, कुणाला सोडत नाहीत. दिपमाला धावत समोरच्या दुकानात गेली. पेढे घेऊन आली. भिकुबाईने पुडा हातात घेतला आणि वाटत सुटली. पोलिसाला दिला. कुणाच्या कोण त्या बायकांना दिला. जिना उतरणाऱ्या रुपचंद वकिलांना दिला. ते क्षणभर थांबले, "बरं, बरं," म्हणाले, पेढा तोंडात टाकला आणि चालते झाले. आणि मग भिकुबाई त्या विहिणीपाशी गेली. तिच्याही हातावर तिने पेढा ठेवला, आणि म्हणाली, "आते रडू नको. तू केलं ते तुले भेटनं." विहीण पेढा हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिली. मग पदराने डोळे पुसले, आणि तिने तो पेढा खाल्ला.

खरं काय ते त्यांना चहावाल्याने सांगितलं. तोही चाचरत. "मावशी, ते सुटले हो. सगळेच सुटले. निर्दोष." पुड्यात तेव्हा थोडे पेढे उरलेले होते.

त्या दिवसापासून दिपमालाच्या पोटात जी आग पेटली ती विझली नाही. विझावी कशी? मुक्त विद्यापीठातून बी.ए. तिने आधीच केलेलं होतं, बढतीच्या आशेने. त्याच महिन्यात तिने सीईटीचा फॉर्म भरला. घरी कुणाला न विचारता. पुन्हा कुणी मला बाहेर सावलीत बसवणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि आता सीईटी निघाली, तर सगळं जग एका सुरात सांगायला लागलं की वाचू नको.

घरी तेच. नवरा प्रेमराज डाळमिलमध्ये कामाला. माणूस सरळ, पण झोपेवर त्याचा भारी विश्वास.

"अगं, कॉलेज लागलं की तीन वर्षं वाचायचंच आहे," तो म्हणाला. "नोकरी करून, घर करून. आता हे दोन महिने झोप काढ. डोळे बघ तुझे."

"झोप येत नाही मला."

"मग कुठंतरी जाऊन ये. पोरांना घेऊन मामाकडं जा."

"तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय ते? वर्गात सगळी पोरं असतील, इंग्रजी फाडफाड बोलणारी. मी तिथं जाऊन पुन्हा तोंडाकडंच बघत बसू? तिथंही?"

"ओरडतेस कशाला? मी काय वाईट सांगितलं?"

काही वाईट नव्हतं सांगितलं, तेच तर! सगळेच तिच्या भल्याचं सांगत होते. भल्याचं सांगणाऱ्यांचा तिला जितका राग येत होता, तितका कामिनीच्या सासरच्या लोकांचाही आताशा येत नव्हता. तिने डेपोत रजेचा अर्ज दिला होता. लग्नसराईत रजा बंद, असं सांगून साहेबांनी तो परत केला, आणि वर म्हणाले, "मॅडम, वकील झालात की आमच्यावरच केस टाकाल." खोलीतले सगळे खो खो हसले.

फक्त भिकुबाई म्हणाली, "तू वाच. कोनं बी आयकू नको." निकालानंतर ती गावी परत गेलीच नव्हती. लेकीच्याच घरी राहिली होती. दिवसभर तांदूळ निवडायची, निवडलेले पुन्हा निवडायची. तिला धड सही करता येत नव्हती, पण पोरीच्या हातात पुस्तक दिसलं की ती नातवंडांना अंगणात पिटाळायची.

दिपमालाने जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून एक पुस्तक आणलं होतं. फौजदारी खटला कसा चालतो त्याचं, नवीन कायद्याप्रमाणे, मराठीत. पोलीस भरतीच्या पोरांसाठी काढलेलं, कागद पिवळट, छपाई पुसट. आणि मराठी कसली, दगड! एक वाक्य सुरू झालं की संपायचं नाव नाही. धुळे स्टँडवर दोन फेऱ्यांच्या मध्ये चालक-वाहकांच्या खोलीत ती बसायची. पंखा बंद, पत्रा तापलेला, शेजारी कुणीतरी घोरतंय. ती एकेक वाक्य बोटाने धरून वाचायची. कधी पानभर वाचून झाल्यावर कळायचं की आपल्याला काहीच कळलेलं नाही. रुपचंद वकिलांचं खरं असेल का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. अर्धवट शिकण्यापेक्षा कोरं गेलेलं बरं असेल का? पण ती पुन्हा त्याच पानावर जायची. चिडून जायची.

आणि अशाच एका दुपारी ती अपिलाच्या प्रकरणापाशी आली. तिथे होतं की आरोपी सुटला आणि तो निकाल मान्य नसला, तर पीडितालाही वर अपील करता येतं. सरकारने केलं नाही तरी. पीडित मेलेला असला तर त्याच्या वारसांना, मागच्या माणसांना. उशीर झाला असेल तर उशिराचं कारण सांगून माफी मागता येते.

तिने वाचलं. परत वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि घोरणाऱ्या सहकाऱ्याकडे बघत बसली. निकालाच्या नंतर, ती सावरल्यावर, तिने गाडीतच रुपचंद वकिलांना विचारलं होतं की आता पुढे काय? तेव्हा ते म्हणाले होते, "पुढे काही नाही, ताई. संपलं. देवावर सोडा." तिने सोडलं होतं देवावर! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या तापलेल्या पत्र्याखाली कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील नेहमीप्रमाणे जळगावला चढले. खिडकीच्या जागेवर एक म्हातारी बसली होती. दिपमालाने तिला उठवलं नाही. वकील शेजारच्या जागेवर बसले, जरा घुश्शातच. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. तिने सगळ्यांची तिकिटं फाडून घेतली. मग ती त्यांच्या बाकापाशी येऊन दांडी धरून उभी राहिली.

"वकीलसाहेब, अपील करता येत होतं ना?"

"कुठलं अपील?"

"कामिनीचं. आम्हाला करता येत होतं. सरकारनं नाही केलं तरी. मी वाचलं."

रुपचंद वकिलांनी इकडेतिकडे बघितलं आणि हसले. "बघा! म्हणून सांगत होतो, वाचू नका. ताई, पुस्तकात लिहिलेलं असतं. तसं चालत नाही. हायकोर्टात जावं लागतं, संभाजीनगरला. साक्षीदार सगळे फिरलेले. काय हाती लागलं असतं?"

"लागलं असतं का नसतं, ते मी नंतर विचारीन. करता येत होतं का नव्हतं?"

"तांत्रिकदृष्ट्या—"

"हो का नाही?"

गाडीतला गलका कमी झाला. तोतारामभाऊंनी वेग उतरवला. वकिलांचाही आवाज आता चढला.

"बरं, तुम्ही एवढं वाचलंत, तर मग सांगा, वारस कोण तिचा? तुम्ही? कायद्याने बाईचा वारस आधी नवरा. वाचलंत का ते? नाही ना?"

तिने ते वाचलेलं नव्हतं. जो पिंजऱ्यात उभा होता तोच तिचा वारस? डोळ्यांत पाणी तरारलं, ते दुःखाचं नव्हतं. तिच्याकडे शब्द नव्हते, आणि या माणसाकडे ते खिसे भरभरून होते, म्हणून आलेलं ते पाणी होतं.

बहुधा वकिलांनाच ते बरं वाटलं नसावं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "तसं आईबापांचंही ऐकून घेतात. हायकोर्ट घेतं ऐकून. पण मुदत असते हो. आता गेली असेल. माफी मागावी लागेल उशिराची."

"म्हणजे तुम्हाला बठ्ठं माहीत होतं."

"आता वकील आहे म्हटल्यावर—"

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही कुठं विचारलंत?"

"मला माहीतच नव्हतं काय विचारायचं ते!" दिपमाला ओरडली. पार मागच्या बाकापर्यंत ओरडली. "काय विचारायचं ते कळायलासुद्धा वाचावं लागतं, साहेब! म्हणून वाचतेय! तुम्ही म्हणता कोरं जा. कोरीच होते की मी! कोरीच आले होते तुमच्याकडं. माझी माय कोरी आली होती. काय केलंत तुम्ही आमच्या कोरेपणाचं?"

"ताई, लोक बघताहेत."

"बघू द्या. तुम्ही पेढा खाल्लात."

"काय?"

"त्या दिवशी. जिन्यात. तुम्हाला माहीत होतं काय झालंय ते. माझ्या मायनं तुमच्या हातावर पेढा ठेवला अन् तुम्ही खाल्लात."

रुपचंद वकिलांनी खालची बॅग उचलली. ती मांडीवर घेत म्हणाले, "म्हातारी एवढ्या आनंदानं देत होती. कसं सांगायचं होतं मी? तुम्हीच सांगा. हात झिडकारायचा होता का?"

"हो," दिपमाला म्हणाली. "झिडकारायचा होता. म्हणजे पुढचा पेढा कामिनीच्या सासूच्या हातावर गेला नसता."

खिडकीशी बसलेल्या म्हातारीला सगळं कळलं नव्हतं, पण जेवढं कळायचं तेवढं कळलं होतं. ती म्हणाली, "बोल माय, बोल. बठ्ठासले आयकू दे." पण दिपमालाला आता बोलायचं नव्हतं. पारोळा आलं होतं. खाली माणसं दार ठोठावत होती. ती मागे गेली आणि नवी तिकिटं फाडायला लागली. मशीनवर आकडे चुकत होते. धुळ्याला वकील उतरले ते तिच्याकडे न बघता उतरले. दुसऱ्या दिवसापासून ते आधीच्या गाडीने जायला लागले.

संध्याकाळी तिने भिकुबाईला सगळं सांगितलं. प्रेमराजही ऐकत होता. सांगू नये, म्हातारीच्या जिवाला घोर लागेल, असं त्याचं म्हणणं होतं. दिपमाला त्याच्यावर अशी कडाडली की तो उठून पाणी प्यायला गेला. पुन्हा तेच? तिच्या भल्यासाठी तिच्यापासून लपवायचं? मग त्या वकिलात आणि आपल्यात फरक काय राहिला?

भिकुबाईने सगळं ऐकून घेतलं. निवडायला घेतलेलं ताट तिने बाजूला सारलं.

"त्या बाईले मी मन्हा हाते पेढा दिधा," ती म्हणाली. "आनि तिनी लिधा." मग पदराला हात पुसून, "आते काय करनं पडी?"

"आधी निकालाची नक्कल काढावी लागेल, माय. शिक्क्याची. ती वाचावी लागेल. मग संभाजीनगरला वकील बघू. पण आधी मी वाचणार. मला वाचता आल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची नाही."

"आतेच जाऊत का?"

"सकाळी जाऊ."

"मी बी येस तुन्हासंगे."

प्रेमराज पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. "इंग्रजीत असेल ना ते?" तो हळूच म्हणाला. दिपमालाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी पोरांचे डबे मात्र त्यानेच भरले.

अर्ज करून झाला. नक्कल लगेच मिळत नाही, मग कधी या खिडकीवर तर कधी त्या, असे हेलपाटे झाले. ज्या दिवशी ती तयार झाली त्या दिवशी दिपमालाची साप्ताहिक सुट्टी होती. दोघी गेल्या. खिडकीआडच्या कारकुनाने अर्ज बघितला, मग तिच्याकडे.

"वकील कुठंय तुमचा?"

"मीच आलेय."

"तुम्ही वकील आहात?"

"नाही."

"मग इथं काय लिहू? कोण म्हणून नेताय?"

"बहीण," दिपमाला म्हणाली.

त्याने लिहून घेतलं, सही घेतली आणि शिक्के मारलेला जाडजूड गठ्ठा खिडकीतून पुढे सरकवला. "इंग्रजीत आहे हो," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. "कळणार आहे का?"

"कळेल. उन्हाळा पडलाय अजून."

बाहेर लिंबाखाली एक बाक होता. तिथे बसून तिने गठ्ठा मांडीवर घेतला आणि मोबाईलवर शब्दकोश उघडला. भिकुबाई तिला चिकटून बसली. कडक ऊन होतं, कागदाचा पांढरेपणा डोळ्यांना खुपत होता. पहिल्या पानावर सरकार, आरोपींची नावं, वयं, धंदे, गाव. मग मजकूर सुरू झाला. पहिल्या ओळीतले दोन शब्द आले, तिसरा अडला. दिपमालाने तो शोधला. पुढचा शोधला. एक परिच्छेद पार करायला तिला इतका वेळ लागला, की चहावाल्याकडची गर्दी येऊन निघूनही गेली.

"कामिनीनं नाव कोठे शे?" भिकुबाईने विचारलं. "दखाड मले."

दिपमालाने पान वरून खाली बघितलं. नाव एकदा होतं, सुरुवातीला. त्यानंतर नव्हतं. तिने पान उलटलं. पुढचंही उलटलं. नवऱ्याचं नाव होतं, सासूचं होतं, दिराचं होतं, फिरलेल्या शेजारणींची नावं होती. विहिरीच्या मालकाचंसुद्धा होतं. आणि एक इंग्रजी शब्द होता, जो पुन्हा पुन्हा येत होता. प्रत्येक पानावर, काही ठिकाणी एका ओळीत दोनदा. तिने तो शोधला.

डिसीज्ड. मयत.

"हाई काय शे?" भिकुबाईचं बोट त्याच शब्दावर आलं होतं.

दिपमालाने पुन्हा तो शब्द बघितला. शेजारणींना नावं आहेत, विहिरीला मालक आहे, आणि जिच्यासाठी हा एवढा कागद काळा केला तिचं नाव दुसऱ्यांदा लिहायला यांना जागा नाही? तिने पर्समधून पेन काढलं. गठ्ठा पुन्हा पहिल्या पानापासून उघडला आणि त्या शब्दाच्या डोक्यावर, दोन ओळींमधल्या अरुंद जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: कामिनी.

"हाई तिनं नाव शे," ती म्हणाली.

भिकुबाईने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. शाई अजून ओली होती. मग तिने खालच्या ओळीत तसलाच आकार हुडकला आणि बोट ठेवलं.

"आठे बी तीच शे?"

"हा, माय."

"लिख मंग."

दिपमालाने लिहिलं. म्हातारीचं बोट खाली सरकलं. अक्षर ओळखीचं नसलेली ती बाई आकारावरून तो शब्द शोधत होती, आणि चुकत नव्हती.

"आठे बी?"

"हा."

"आठे?"

"हा, माय. तिथे बी तीच."